पाणवठ्याचा काठ: भोर-वेल्ह्यातील शेततळी आणि त्यांचा पूर्वेतिहास

शेततळे हा शब्द शासकीय परिपत्रकांत, कृषिविषयक मासिकांत आणि गावच्या पारावर आज सर्रास ऐकू येतो. ललित साहित्यात मात्र तो आमच्या वाचनात क्वचितच आला आहे. तळे, डोह, विहीर, पाट, पाणवठा या शब्दांभोवती मराठी कवितेने आणि कथेने जेवढा अर्थ साठवला, त्याचा शतांशही शेततळ्याच्या वाट्याला आलेला नाही. त्याचे एक कारण उघड आहे. फळबागांसाठी सामूहिक शेततळी खणली जाऊ लागली त्याला दोन दशके झाली; ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना महाराष्ट्र शासनाने २०१६ च्या फेब्रुवारीत आणली आणि त्यासाठी कमाल ५०,००० रुपयांचे अनुदान ठेवले. एवढ्या काळात वस्तू रुळते. शब्दाला रुळायला अधिक वेळ लागतो.

तथापि भोर आणि वेल्हे या पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील दोन तालुक्यांत (वेल्ह्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, आम्ही येथे जुनेच नाव वापरत आहोत) एप्रिल-मे महिन्यांत हिंडताना या वस्तूकडे दुर्लक्ष करता येत नाही. ओढे आटलेले, डोंगरउतार पिवळे पडलेले, आणि त्यात मध्येच एखादे निळे-काळे चौकोनी पाणी चमकते. माणसाला ते दिसते, तसे ते इतरांनाही दिसते. शेतकऱ्याने आपल्या पिकासाठी साठवलेल्या या पाण्यावर रानातले कोणते जीव येतात, कोणाला ते पिता येते आणि कोणाला पिता येत नाही, हा या लेखाचा विषय आहे. हा प्रश्न केवळ प्राणिशास्त्राचा आहे असे आम्हाला वाटत नाही. तो काठाचा प्रश्न आहे, आणि काठाला इतिहास असतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या एका बगळीपासून आरंभ करू. हाल सातवाहनाच्या गाथासप्तशतीत एक गाथा आहे. कमळाच्या पानावर बलाका निश्चल बसली आहे आणि ती पाचूच्या पात्रात ठेवलेल्या शंखासारखी शोभते आहे, एवढाच तिचा वाच्यार्थ. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने काव्यप्रकाशात ही महाराष्ट्री प्राकृतातील गाथा व्यंजनेचे उदाहरण म्हणून घेतली आणि तेव्हापासून ती अलंकारशास्त्राच्या प्रत्येक वर्गात शिकवली जाते. मराठी वाचकाला स. आ. जोगळेकर यांच्या १९५६ च्या आवृत्तीमुळे ती सहज उपलब्ध झाली. मम्मटाची साखळी अशी: बगळी हलत नाही, म्हणजे ती निर्भय आहे; ती निर्भय आहे, म्हणजे जवळपास माणूस नाही; माणूस नाही, म्हणजे ही जागा प्रियकराच्या भेटीला योग्य आहे. शेवटच्या कडीशी विद्यार्थी हसतात आणि मधल्या कडीचा विसर पडतो, असा आमचा अध्यापनातला अनुभव आहे. वास्तविक मधली कडी हीच इतिहासाची साक्ष आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी गोदावरीच्या परिसरातील त्या अनाम कवीला (किंवा कवयित्रीला) ठाऊक होते की गावतळ्यावर माणूस असताना पाखरू अंग चोरते, आणि माणूस उठून गेला की तेच पाणी पाखराचे होते. वन्यजीवांचा अभ्यासक आज याहून निराळे काय करतो? पाऊलखूण, विष्ठा, पाखराची स्थिरता वा फडफड ही वाच्ये वाचून तो अनुपस्थित असलेल्यांविषयी अनुमान करतो.

या गाथेतून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती मम्मटाला सांगण्याचे कारण नव्हते. कमळाचे पान पाण्यावर येण्यासाठी तळाशी चिखल लागतो, आणि पाणी काठाकडे उथळ होत जावे लागते. बगळा हा मुळात उथळ पाण्याचा पक्षी. त्याचे पाय जेवढे लांब, तेवढेच त्याचे तळे. म्हणजे त्या गाथेतील तळ्याला उतरता, मातीचा, हळूहळू पाण्यात शिरणारा काठ होता. असा काठ असला की वेळेची वाटणी आपोआप होते. पहाटे आणि सकाळी घागरी, दुपारी गुरे, तिन्हीसांजेला परतणारी गुरे, आणि रात्री ज्यांना कोणी बोलावलेले नाही असे सगळे. मराठीतील पाणवठा हा शब्द ही वाटणी स्वतःत सामावून घेतो. बायका घागरी घेऊन जातात तो पाणवठा, आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखात्याचे लोक मचाणावर बसून प्राणी मोजतात तोही पाणवठाच. दोन्हींसाठी भाषेने एकच शब्द ठेवला, याचा अर्थ ती जागा एकच होती.

आता भोर-वेल्ह्याकडे येऊ. या मुलखाची जुनी विभागणीच पाण्यावर झालेली आहे. वेळवंड खोरे, कानद खोरे, गुंजण मावळ, मोसे खोरे ही शिवकालीन कागदपत्रांतील नावे घेतली की वेळवंडी, कानंदी, गुंजवणी, मोसी या नद्यांचीच नावे घेतल्यासारखे होते. जेध्यांचे रोहिड खोरे, बाजी पासलकरांचे मोसे खोरे अशी देशमुखी देखील खोऱ्यांनी ओळखली जाई. हिरडस मावळाचे नाव हिरड्याच्या झाडांवरून पडले असे सांगतात. पश्चिमेकडील सह्याद्रीच्या धारेवर पाऊस धो धो कोसळतो आणि पूर्वेकडे सरकता सरकता काही कोसांतच तो उणावत जातो. परंतु पाऊस पुष्कळ म्हणजे पाणी पुष्कळ, हे समीकरण येथे लागू पडत नाही. काळा कातळ पाणी धरत नाही. उतार तीव्र आहेत. आषाढात जे पाणी घराच्या उंबऱ्याशी येते ते फाल्गुनात कोसभर लांब गेलेले असते. अतिवृष्टीच्या गावांत उन्हाळ्यात टँकर जातात, हे चित्र पाहुण्याला विसंगत वाटते. तेथे राहणाऱ्याला वाटत नाही.

म्हणून येथील माणसाजवळ पाण्यासाठी शब्दांची श्रीमंती आहे. झरा, टाके, कोंड, डोह, आटलेल्या ओढ्याच्या वाळूत हाताने उकरून केलेला झिरा. उकरण्याची ही विद्या माणसाने एकट्याने साधलेली नाही. रानडुकरेही ओढ्याची ओलसर माती उकरून तिच्यात लोळतात आणि त्या खळग्यात साचलेले पाणी मग इतरांच्या उपयोगी पडते. पावसाळ्यात तर भाताचे प्रत्येक खाचर हे चार महिन्यांचे तळेच असते. चढणीचे मासे त्यात शिरतात, खेकडे बांधात बिळे करतात, बेडकांचा गजर रात्रभर चालतो, आणि ढोकरी, पाणकोंबडी, खंड्या हे त्यावर जगतात. खाचराला काठाशिवाय दुसरे काही नसतेच म्हणा. ते सबंध उथळच आहे. पाणथळ जागांची गणना करणाऱ्यांनी भातखाचरे मोजायची ठरवली, तर मावळातली सारी खोरी पाणथळ ठरतील.

डोंगरमाथ्यावरील पाण्याची हकीकत निराळी. राजगडावरील पद्मावती तलाव, बालेकिल्ल्यावरील चंद्रतळे, तोरणा आणि रोहिडा येथील खोदीव टाकी ही शिबंदीसाठी होती. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आपण राजनीतीचा आणि जुन्या गद्याचा नमुना म्हणून अभ्यासतो. त्यातील गडाच्या पाण्याविषयीचा मजकूर आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. गड बांधण्याआधी पाणी पाहावे. नसेल तर कातळ फोडून तळी-टाकी करावीत. झरा आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण युद्धात तोफांच्या दणक्याने झरे उणावतात. म्हणून साठ्याची टाकी निराळी राखावीत, असा त्याचा आशय आहे. हे साठ्याचे तत्त्वज्ञान आहे, वाटणीचे नव्हे. खडकात सरळ कापलेल्या टाक्याला काठ नसतो; तोंड असते. १८१८ नंतर शिबंदी उठली, गड ओस पडले, आणि मगच ही टाकी वानरांची, वटवाघळांची, पाकोळ्यांची झाली. मम्मटाची मधली कडी येथेही लागू पडते.

खोऱ्यातील आणि गडावरील या पाण्यांच्या मध्ये एक तिसरे पाणी होते, ते देवराईतले. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांच्या नोंदी केल्या, आणि राईत झाडे टिकली तेथे झराही टिकतो ही गावकऱ्यांची जुनी समजूत अभ्यासकांच्या लिखाणात आली. देवराईतील झऱ्याला कोणी कुंपण घालत नाही. तेथे देवाचे भय असते, आणि ते पाणी राखायला पुरेसे असते.

येथे महात्मा फुल्यांकडे वळणे अगत्याचे आहे. १८८३ मध्ये लिहून पुरा झालेला ‘शेतकऱ्याचा असूड’ आपण सामाजिक विचारांसाठी वाचतो आणि वाचावाच. परंतु पाणी, माती आणि रानटी जनावरे यांच्या परस्परसंबंधांविषयी एकोणिसाव्या शतकात एवढ्या स्पष्टतेने लिहिणारा दुसरा मराठी ग्रंथ आमच्या पाहण्यात नाही. फुले पुण्याचे, खडकवासल्याच्या कालव्याच्या कामात त्यांनी ठेके घेतले होते असे त्यांचे चरित्रकार सांगतात. धरणाचे पाणी कोणाच्या शेतात जाते हे त्यांनी पुस्तकातून शिकलेले नव्हते. डोंगरावरील गवत, पालापाचोळा, मेलेल्या पशुपक्ष्यांची हाडेमांस, त्यांचे मलमूत्र यांचे सत्त्व वळवाच्या पावसाने धुऊन येते आणि वाटेत अडवले नाही तर ओढ्यांतून नदीला मिळून वाया जाते, असे त्यांचे निरीक्षण आहे. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे सरकारने आपल्या पलटणी आणि पोलीस कामाला लावून जागोजागी ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पाणी आधी शेतात मुरेल आणि मग ओढ्याला जाईल. तळी आणि तलाव यांची दुरुस्तीही ते मागतात. रानातले जनावर या मांडणीत शेताचे शत्रू नाही. ते डोंगरावरचे खत आहे.

पण त्याच प्रकरणात रानडुक्कर येते, आणि तेथे फुल्यांची लेखणी निराळी होते. १८७८ मध्ये शस्त्रांचा आणि जंगलांचा, असे दोन्ही कायदे झाले होते. पिकाच्या राखणीसाठी शेतकऱ्याला साधी तोड्याची बंदूक ठेवू द्यायची नसेल, तर राखण पोलिसांनी करावी, आणि तरीही डुकरांनी पीक खाल्ले तर नुकसान पोलीस अधिकाऱ्यांच्या पगारातून अथवा सरकारी खजिन्यातून भरून द्यावे, अशी त्यांची मागणी आहे. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकहानीची भरपाई आज कायद्याने मिळते; तिचा मूळ विचार मराठीत इतक्या आधी मांडला गेला होता, याची आठवण वनाधिकारी आणि मराठीचे प्राध्यापक या दोघांनाही फारशी नसते. असूडातली ही दुहेरी दृष्टी शेततळ्याचा विचार करताना सोडता येणार नाही. डोंगरावरून आलेले सत्त्व हवे आहे. डोंगरावरून उतरलेले डुक्कर नको आहे. दोन्ही एकाच वाटेने येतात.

असूडाच्या काळातच भोर संस्थानाच्या वेशीशी भाटघर येथे वेळवंडीवर धरण उभे राहत होते. पुढे त्याच्या जागी अधिक उंच असे लॉइड धरण १९२८ च्या सुमारास पूर्ण झाले. पाणी मावळाचे, ते निरेच्या कालव्यांनी बारामती-इंदापूरकडील उसाला गेले. संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन झाले. वेल्ह्यात आंबी नदीवर पानशेत, मोसीवर वरसगाव. १२ जुलै १९६१ हा पानशेत फुटल्याचा दिवस मराठी वाङ्मयात पुण्याचा प्रलय म्हणून नोंदला गेला आहे. त्याच धरणाखाली बुडालेल्या आणि दौंडकडे उठून गेलेल्या गावांच्या वाट्याला त्यामानाने थोडी पाने आली. ते येथे लांबवत नाही.

वन्यजीवांच्या दृष्टीने मोठ्या धरणाचे एक वैशिष्ट्य मात्र नोंदवावेसे वाटते. धरणाला काठ असतो, पण तो एका जागी थांबत नाही. दसऱ्याला पाणी झाडीला टेकलेले असते; मे महिन्यात ते अर्धा-पाऊण मैल मागे सरते आणि मध्ये भेगाळलेल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. या गाळपेर जमिनीत माणसे पिके घेतात, गुरे चरतात, आणि तुतवार, धोबी, शेकाट्या, टिटवी हे चिखलातले किडे टिपणारे पक्षी पाण्याच्या कडेकडेने मागे सरकत जातात. भेकरासारख्या लाजाळू जनावराला मात्र झाडीतून निघून एवढा उघडा पट्टा ओलांडणे म्हणजे जिवावर उदार होणे. पाणी समोर दिसते आणि तेथवर जाववत नाही.

अशा जनावरांना पूर्वी शेतातले पाणी होते. मोटेची विहीर आठवून पाहावी. मोट वर आली की थारोळ्यात रिती होई, थारोळ्यातून पाटात, पाटातून दंडात, दंडातून वाफ्यात. या प्रवासात पाणी प्रत्येक टप्प्यावर उघडे होते आणि प्रत्येक टप्प्यावर थोडे थोडे सांडत होते. थारोळ्याशी चिमण्या-साळुंक्या, दगडी डोणीवर बैल, पाटाच्या कडेच्या गवतात बेडूक आणि दिवड, रात्री त्याच पाटावर ससा, मुंगूस, साळिंदर. बारवेला तर पायऱ्या असत. आत पडलेल्या जिवाला निदान वर येण्याची वाट असे. पुढे तेलावरचे इंजिन आले, विजेचा पंप आला, पाटाची जागा जमिनीखालच्या पाइपने घेतली आणि अखेर ठिबकने पाणी थेट मुळाशी नेऊन ठेवले. पाण्याची बचत झाली, ती व्हायलाच हवी होती; कोरडवाहू शेतकऱ्याला ठिबकचे दोष सांगत बसणे हा प्राध्यापकी चाळा होईल. पण सांडणारे पाणी हीच रानातल्या जिवांची वाटणी होती, आणि तिची नोंद कोणत्याही हिशेबात नव्हती, म्हणून ती गेली तेव्हा काही गेले असे कोणाला वाटले नाही. ग्रामीण कथेत मोटेचा आवाज आहे, विहिरीवरच्या मोटकऱ्याची गाणी आहेत. थारोळ्याचा काठ कोणी लिहून ठेवलेला नाही.

पाणवठ्याविषयी लिहिताना हळवे होण्याचा धोका असतो, आणि तो टाळण्यासाठी भोरहून फार लांब जावे लागत नाही. भोरचा रस्ता वरंधा घाटाने उतरून महाडला जातो. तेथील चवदार तळे सर्व अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्ये केला होता, सी. के. बोले यांचा मुंबई कायदेमंडळातील ठराव त्याआधीचा, १९२३ चा. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. न्यायालयाचा अंतिम निर्णय १९३७ मध्ये लागला. त्या तळ्यावर गुरांना, पाखरांना, कुत्र्यामांजरांना मज्जाव नव्हता. माणसांपैकी काहींना होता. चळवळीने हा विरोध पुनःपुन्हा समाजापुढे ठेवला. म्हणून ‘पूर्वी पाणवठा सर्वांचा होता’ असे वाक्य मराठीत लिहिता येत नाही. ज्या गावात पाखराला पाणी मिळे त्याच गावात ते माणसाला नाकारले जात होते, आणि ज्या वाटणीचे वर्णन आम्ही वर केले ती वाटणी उदारपणाची नव्हती. पाखराला कोणी परवानगी दिलेली नव्हती. त्याला अडवण्याचे कोणाला सुचले नव्हते, किंवा जमले नव्हते, एवढेच. तळे राखील तो पाणी चाखील ही म्हण आपण अधिकाऱ्यांच्या लाचखोरीसंबंधी वापरतो. तिचा शब्दशः अर्थ घेतला तरी तो पुरेसा कठोर आहे.

आता शेततळे. ते दोन प्रकारचे. एक बिनअस्तराचे: ओघळाचे पाणी एका अंगाने आत येते, दुसऱ्या अंगाने जादा पाणी निघून जाते, मधले मुरत राहते. असे तळे दिवाळीनंतर उतरू लागते, त्याच्या कडांना गवत आणि लव्हाळे येते, गुरांच्या पायांनी एखादी बाजू ढासळून उतार तयार होतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत ते गावतळ्यासारखे दिसू लागते. त्याच्यावर चतुर आणि टाचण्या अंडी घालतात, टिबुकली बुड्या मारते, ढोकरी काठाला बसते. क्वचित हळदीकुंकू बदकाची जोडी उतरते. हे नाव ज्याने ठेवले त्याला चोचीच्या टोकाचा पिवळा आणि बुडाचा तांबडा ठिपका दिसेल इतक्या जवळ बसता आले होते. चांदव्याला वारकरी म्हणणाऱ्याला त्याच्या काळ्या अंगावरचे पांढरे कपाळ दिसले होते. मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश २००२ मध्ये आला. त्यातील नावे चाळताना जाणवते की ही नावे काठावर बसून ठेवलेली आहेत.

दुसरा प्रकार अस्तराचा. मुरमाड जमिनीत पाणी ठरत नाही म्हणून तळाला आणि चारही उतारांना जाड प्लास्टिकचा कागद अंथरतात. पावसाच्या पाण्याने ते भरावे ही अपेक्षा. पुष्कळ ठिकाणी ते विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरले जाते, म्हणजे जमिनीखालचे पाणी उन्हात आणून ठेवले जाते, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे आणि ती रास्त आहे. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर या पाण्यावर त्याचा आंबा, त्याची भाजी, त्याची उन्हाळ्याची आमदनी उभी असते. अशा तळ्यात पाणी मे महिन्यापर्यंत टिकते. आजूबाजूच्या पाच-सहा शिवारांत तेवढेच उघडे पाणी उरते.

आणि त्याला काठ नसतो. चारही बाजू सारख्या तिरप्या, गुळगुळीत. पाण्याच्या रेषेशी शेवाळ धरलेले. हे तळे आपले पाहुणे निवडते. उडता उडता पाणी टिपणारे त्याला चालतात. संध्याकाळी पाकोळ्या पृष्ठभागाला चोच लावून जातात, त्यांच्या पाठोपाठ वटवाघळे. पंपाच्या पाइपवर किंवा कुंपणाच्या तारेवर खंड्या बसतो. शेतकऱ्याने रोहू-कटला सोडले असतील तर पाणकावळे येतात आणि त्यांना हाकलण्यासाठी फटाके वाजतात. चिखलात चोच खुपसणाऱ्यांना मात्र येथे चिखलच नाही. पायांनी येणाऱ्यांची गोष्ट सर्वांत वाईट. ससा, मुंगूस, खोकड, कोल्हा, भेकर, डुक्कर पाण्यासाठी वाकते, पुढचे पाय घसरतात, आणि एकदा आत गेल्यावर नखे वा खूर कागदावर ठरत नाहीत. पोहता येणे उपयोगाचे नसते, कारण पोहून पोहोचायला काठ हवा. घोरपडीसारखी दगडाला चिकटणारी जातही ओल्या प्लास्टिकवर हतबल होते. जुन्नरकडे उघड्या विहिरीत बिबट्या पडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतो. तेथे दोर, पिंजरा, गर्दी, छायाचित्र असते. शेततळ्यात सशाचे फुगलेले शव शेतकरी सकाळी काठीने काढतो आणि बांधाबाहेर टाकतो. माणसांची मुले अशा तळ्यांत बुडाल्याच्या बातम्याही प्रत्येक उन्हाळ्यात येतात. निसरडा उतार कोणाला ओळखत नाही.

कुंपण घालावे हा सरळ उपाय आहे, आणि मुलांसाठी तो आवश्यकच आहे. परंतु मोठ्या जनावराला तहान लागली की ते कुंपणाखालून उकरून आत येते, आणि मग त्याला बाहेर जाता येत नाही. म्हणून जाणकार दोन-तीन गोष्टी सांगतात. काथ्याचा जाड दोर गाठी मारून वरच्या बांधापासून तळापर्यंत सोडावा. जुने टायर साखळीसारखे बांधून एका कोपऱ्यात उतरवावेत. किंवा एक बाजू मुळातच सौम्य उताराची ठेवून तिच्यावर दगड बसवावेत. चौथा उपाय जुनाच आहे: कुंपणाबाहेर एक उथळ डोण ठेवावी आणि पंप चालू असताना तिच्यात पाणी पडू द्यावे. ही डोण म्हणजे थारोळेच. तिच्यासाठी लागणारे पाणी एका आंब्याच्या झाडालाही पुरणार नाही.

शेतकरी याला सहज तयार होतो असे नाही, आणि त्याने का व्हावे असा प्रश्न फुल्यांच्या वाचकाला पडलाच पाहिजे. ज्या डुकराने रात्रीत भुईमूग उलथून टाकला त्याच्यासाठी दोर सोडायचा? डोणीवर आज ससा येईल, उद्या त्याच्या मागावर बिबट्या येईल, आणि त्याच बांधावरून पहाटे घरातली बाई गवताला जाते. पाणवठ्यावर दबा धरून बसणे ही शिकाऱ्याची रीत, मग तो शिकारी चार पायांचा असो वा संस्थानी मचाणावरचा. पाणी जवळ आणणे म्हणजे भयही जवळ आणणे. पुण्याहून येऊन डोंगरउतारावर जमीन घेणाऱ्या आणि वाड्यापुढे शोभेचे तळे करणाऱ्या मंडळींना हे भय परवडते. त्यांचे पोट त्या जमिनीवर नाही. आम्हालाही ते परवडते. म्हणून डोण कोठे ठेवावी, घरापासून किती लांब, ओढ्याच्या कोणत्या अंगाला, हे त्या शिवारात राबणाऱ्यानेच ठरवायचे आहे. त्याने ठरवले की तो ती बरोबर जागी ठेवतो, कारण डुक्कर कोणत्या ओघळाने उतरते हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

दोर सोडलेली शेततळी भोरच्या पश्चिम भागात आम्ही मोजकीच पाहिली आहेत. त्यांतील एका दोरावर पाण्याच्या रेषेपासून हातभर वर शेवाळ सुकून खरखरीत झाले होते, आणि त्याच्या गाठी-गाठींना नुकतीच शेपटी गळलेली बेडकाची पिल्ले चिकटून बसली होती. वरच्या बांधावर, दोर खुंटीला बांधला होता तेथे, ओल्या मातीत मुंगसाचे ठसे होते. ते आत जाणारे नव्हते. बाहेर येणारे होते.